खारींच्या वाटेचा नकाशा

आमच्या तळमजल्यावरच्या बाईंनी जिन्यात कागद चिकटवला, तेव्हा मला वाटलं पुन्हा कुणीतरी चुकीच्या डब्यात चुकीचा कचरा टाकला. न्युरेम्बर्गमध्ये एकवीस वर्षं काढल्यावर जिन्यातल्या कागदाची मी धास्तीच घेतली आहे. पण हा कागद खारींबद्दल होता. आपल्या रस्त्यावर आणि समोरच्या बागेत लाल खारी राहतात, लोक मान खाली घालून फोन बघत जातात आणि त्यांना त्या कधी दिसतच नाहीत, तर आपण सगळ्यांनी मिळून त्या लोकांना दाखवू या, असं बाईंनी लिहिलं होतं. ज्यांना यायचं असेल त्यांनी शनिवारी सकाळी आठ वाजता बागेच्या फाटकापाशी जमायचं. खाली बारीक अक्षरात नियमांची यादी होती. यादी नसलेला कागद मी या देशात अजून पाहिलेला नाही. ती मी वाचली नाही. हे आत्ताच सांगून टाकते, कारण पुढे ते माझ्या अंगाशी आलं.

बाई शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. जिन्यात भेटल्या की अजूनही मला गृहपाठ राहिल्यासारखं वाटतं. एरवी मी शनिवारी आठ वाजता कुणाच्या बापासाठी उठले नसते. त्या शनिवारी उठले ती नवऱ्याच्या बापासाठी.

अण्णा, म्हणजे माझे सासरे, सप्टेंबरात नव्वद दिवसांच्या व्हिसावर आले होते. सासूबाई मार्चमध्ये गेल्या. नंतर पुण्याच्या घरात अण्णा एकटेच, आणि दर फोनला त्यांचं उत्तर एकच, "चाललंय." नवऱ्यानं हट्टानं इकडे आणलं. विमानतळावर त्यांना पाहिलं तेव्हा शर्टाची कॉलर मानेभोवती सैल फिरत होती. इथेही ते खिडकीशी खुर्ची घेऊन बसायचे आणि विचारलं की म्हणायचे, चाललंय. मुलगा ड्रेस्डेनला शिकायला गेल्यानं त्याची खोली रिकामीच होती, ती त्यांना दिली होती. पहिला मजला, रस्त्याकडची खिडकी, बाहेर भिंतभर चढलेला वेल.

सासूबाईंनी दवाखान्यातून शेवटच्या व्हिडिओ कॉलवर मला एकच काम सांगितलं होतं. "यांचे बदाम तेवढे बघ." बावन्न वर्षं त्यांनी रोज संध्याकाळी चार बदाम भिजत घातले, रोज सकाळी सोलले आणि अण्णांच्या तळहातावर ठेवले. अण्णा पेपर वाचत असायचे. ते वर बघायचे नाहीत, नुसता हात पुढे करायचे. नवी सून म्हणून घरात आले तेव्हा हे बघून माझं डोकं फिरायचं. दोन धडधाकट हात असलेल्या माणसाला बदाम सोलून कशाला द्यायचे? मी ते एकदा बोलूनही दाखवलं होतं. सासूबाई नुसत्या हसल्या होत्या.

सोलून देणं माझ्यानं होणार नव्हतं, पण भिजत घालणं मी नेमानं करत होते. सकाळी पावणेसातला ऑफिसला निघताना चार बदामांची स्टीलची वाटी अण्णांच्या खोलीत ठेवायची, संध्याकाळी ती धुतलेली, रिकामी, ओट्यावर मिळायची. सासूबाईंना दिलेला शब्द मी पाळते आहे याचं मला बरं वाटायचं. माणूस मात्र बारीकच होत चालला होता.

त्या पहिल्या शनिवारी सात-आठ माणसं जमली. बाईंनी आम्हाला वीस मिनिटं न बोलता उभं केलं. एकही खार आली नाही. मग बाईंनी खाली वाकून हेझलनटच्या कवचाची दोन अर्धुकं उचलली आणि अण्णांच्या हातात दिली. अण्णांनी ती एकमेकांवर बसवली. करवतीनं कापल्यासारखी बरोब्बर जुळली. ती उघडली, परत जुळवली. आणि या देशात आल्यापासूनचा पहिला प्रश्न त्यांनी विचारला, की ही एवढी सरळ फोडते कशी?

मी भाषांतर केलं. बाईंचा चेहरा उजळला. खार आधी टोकाला लहान भोक पाडते, त्यात खालचे दात घालते आणि पहारीनं उचकटावं तसं कवच उकलते. लहान पिल्लांना हे येत नाही, ती उगाच सगळीकडून कुरतडत बसतात. शिकावं लागतं. अण्णा म्हणाले, म्हणजे हातात बसायला लागतं. बाई म्हणाल्या, गेनाऊ, म्हणजे अगदी बरोबर.

तेवढ्यात एक खार आली. झाडावरून उलटी, डोकं खाली करून, जिना उतरावा इतक्या सहज. विटेच्या रंगाची, कानांवर केसांचे झुपके, शेपूट अंगाएवढं. तिच्यामागून दुसरी आली ती जवळजवळ काळी. बाई म्हणाल्या, दोन्ही एकाच जातीच्या, रंगाचं असंच असतं. अण्णांना ते पटायला दोन शनिवार लागले. उलटं उतरताना पडत का नाहीत, तर मागचे पाय घोट्यातून पूर्ण मागे वळतात. थंडीत झोपून राहतात का, तर नाही, रोज बाहेर पडतात. पुरलेलं सगळं सापडतं का, तर नाही, आणि जे सापडत नाही त्याची झाडं होतात. हे ऐकून अण्णा बराच वेळ त्या बागेतल्या झाडांकडे बघत राहिले. खारीचा वाटा हा शब्द आपण सभासमारंभात इतका झिजवला आहे, पण खारीनं खरोखर काय काय केलेलं असतं ते मला पन्नाशीच्या उंबरठ्यावर कळलं.

"हिच्या पाठीवर बोटं नाहीत," अण्णा म्हणाले. मला बाईंना सेतूची गोष्ट सांगावी लागली. रामानं पाठीवरून हात फिरवला, त्या बोटांचे पट्टे आमच्याकडच्या खारीच्या पाठीवर आहेत. बाईंनी अगदी गंभीरपणे विचारलं, हात कुठल्या दिशेनं फिरवला? अण्णांनी तितक्याच गंभीरपणे उत्तर दिलं, मानेकडून शेपटीकडे. बाईंनी ते वहीत लिहून घेतलं.

बाईंची योजना साधी होती. जिथे खारी हमखास दिसतात तिथे लोकांच्या डोळ्यांच्या उंचीवर छोट्या लाकडी पाट्या लावायच्या. पाटीवर इतकंच, "वर बघा." पण पाट्या कुठे लावायच्या हे ठरवायला खारी कुठून कुठे जातात ते कळायला हवं. म्हणून प्रत्येक घराला एकेक तक्ता दिला होता. खार दिसली की रेघ मारायची. अण्णांनी आठवडाभर ते तक्ते चाळले आणि मला सांगितलं, "याला मोजणी म्हणत नाहीत."

अण्णा सरकारी भूकरमापक. बत्तीस वर्षं त्यांनी पुणे जिल्ह्यातल्या जमिनी मोजल्या. भावाभावांच्या भांडणात बांधावर उभं राहून हद्द दाखवली, शिव्या खाल्ल्या, पण त्यांच्या मोजणीवर कुणाची हरकत टिकली नाही, ही त्यांची आयुष्याची कमाई. त्यांनी माझ्याकडे आलेखाचा कागद, पाट आणि पेन्सिली मागितल्या. पेन्सिलीला टोक ब्लेडनं केलं. मग बागेतल्या बाकावर पाट मांडून बसले. मी विचारलं, सुरुवात कुठून करायची? ते म्हणाले, "मोजणीला बसलं की पहिल्यांदा आपण कुठे उभे आहोत ते कागदावर मारायचं. मग बाकीचं जग." बाकाच्या जागी त्यांनी एक ठिपका काढून त्याभोवती गोल केला.

पुढचे काही आठवडे ते सुखी होते, हे मी ठामपणे सांगू शकते. झाडांना क्रमांक पडले. अंतरं पावलांनी मोजली गेली. खारींच्या वाटा लाल रेघांनी उमटल्या. येणारी-जाणारी माणसं बाकापाशी थांबायची, नकाशात डोकावायची, अण्णा पेन्सिलीनं वर दाखवायचे आणि लोक वर बघायचे. पाटी लागायच्या आधीच पाटीचं काम झालं. आइशहॉर्न्शन हा खारीचा जर्मन शब्द अण्णांनी एकदा तोंडात घोळवून सोडून दिला, पण अडलं कुणाचंच नाही. इमारतीतले लोक त्यांना 'हेर फेर्मेसर', मोजणीवाले साहेब, म्हणायला लागले. मला माझ्या नावानं हाक मारायला याच लोकांना सहा वर्षं लागली होती.

ऑक्टोबरच्या मध्यावर एका सकाळी आमच्या दारासमोरच्या रस्त्यावर एक लाल खार मेलेली सापडली. गाडीखाली आली होती. बाईंनी तिला पुठ्ठ्याच्या खोक्यात घातलं. अण्णांनी नकाशावर त्या जागी बारीक फुली मारली आणि दिवसभर पाटाला हात लावला नाही.

त्यातून दोराची कल्पना निघाली. रस्त्याच्या अलीकडच्या झाडापासून बागेतल्या झाडापर्यंत उंचावरून जाड दोर बांधायचा, खारी वरून जातील आणि खाली पाटी लावली की लोकांनाही दिसतील. त्यासाठी नगरपालिकेकडे आन्त्राग, म्हणजे रीतसर अर्ज, आणि अर्जाला जोडायला पुरावा हवा. पुरावा तयारच होता. अण्णांच्या नकाशावर रस्ता ओलांडणाऱ्या सगळ्यात जास्त रेघा बरोब्बर आमच्या दारासमोर होत्या. बाईंनी सह्यांसाठी आपल्या घरी बैठक ठरवली. नकाशावरचे शब्द जर्मनमध्ये लिहायचं काम माझ्याकडे आलं.

मी ऑफिसात सॉफ्टवेअर तपासते. दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा. ती सवय घरी येतेच. नकाशा आणि तक्ते शेजारी ठेवल्यावर मला एक गोष्ट खटकली. ऑक्टोबरच्या शेवटी आम्ही अण्णांना घेऊन चार दिवस ड्रेस्डेनला मुलाकडे गेलो होतो. तेव्हा तक्ता वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी भरला होता. पहिल्या दिवशी एक रेघ, दुसऱ्या दिवशी एक, नंतर आमच्या दारासमोर एकही नाही. आम्ही परतलो आणि दोन दिवसांत रेघा पुन्हा सुरू. त्याही सगळ्या सकाळी साडेसातच्या आसपास. हवेत तर काही बदल नव्हता. मग खारींना आम्ही गावाला गेलेलं कळतं की काय?

दुसरी गोष्ट त्याहून लहान. सकाळच्या नोंदी बाकावरून घेतलेल्याच नव्हत्या. मी अण्णांना विचारलं, तेव्हा म्हणाले, खोलीच्या खिडकीतून. मी म्हटलं, मग खिडकीचा ठिपका कुठे आहे? त्यांनी चष्मा काढून पुसला. राहिला असेल, म्हणाले. ज्या माणसाच्या नकाशात बत्तीस वर्षांत विहिरीचा कठडा राहिला नाही, त्याचा स्वतःचा ठिपका राहिला होता.

दुसऱ्या दिवशी मी नेहमीसारखी वाटी ठेवून निघाले आणि ऑफिसला न जाता रस्त्यापलीकडे बागेच्या कुंपणापाशी उभी राहिले. साडेसातला खिडकी उघडली. अण्णांचा हात बाहेर आला. त्यांनी बाहेरच्या कठड्यावर चार पांढरे, सोललेले बदाम ओळीनं मांडले. मग एक पाऊल मागे सरले आणि हात जोडून उभे राहिले.

ते उभं राहणं मी ओळखलं. मार्चमध्ये घाटावर दहाव्या दिवशी आम्ही सगळे असेच उभे होतो, पिंडापासून थोडे मागे, वर बघत. त्या दिवशी कावळा लवकर शिवला नव्हता.

बागेतून खार आली. दोन गाड्यांच्या मधून तीरासारखी रस्ता ओलांडून वेलावर चढली. दोन बदाम तिथेच खाल्ले, दोन एकेक करून नेले. अण्णांनी खिडकी लावली.

मी आधी चिडले, खोटं कशाला बोलू. दोन महिने मी बदाम भिजत घालते आहे आणि हे खारींना वाढताहेत! मग जिन्यात जाऊन तो कागद वाचला. खायला फक्त बागेतल्या पेटीत घालायचं, म्हणजे खारींना रस्त्यावर यायची गरज पडणार नाही. अक्रोड चालतील, हेझलनट चालतील. बदाम अजिबात नकोत, एखादा कडू निघाला तर ते विष आहे. सगळं ठळक लिहिलेलं होतं. अण्णांना जर्मन येत नाही. वाचून सांगायचं काम माझं होतं. माझा राग जिरला.

संध्याकाळी मी त्यांच्या खोलीत जाऊन बसले आणि विचारलं.

"माझ्यानं गिळवत नाहीत," ते म्हणाले. "तिच्या नावानं ठेवले. आठवडाभर वाट बघितली, इथे कावळा काही फिरकेना. मग ही आली."

मी त्यांना कागदातलं सांगितलं. त्यांनी फक्त विचारलं, ती मेली ती हीच का? मी म्हटलं, कोणती होती ते कुणालाच कळणार नाही. हे खरं होतं, पण त्याचा त्या वेळी काही उपयोग नव्हता. त्यांनी नकाशा मागितला. ब्लेडनं पेन्सिलीला टोक केलं आणि आमच्या खिडकीच्या जागी ठिपका काढून त्याभोवती गोल केला. मग दारासमोरची एकेक रेघ पुढे वाढवली. सगळ्या तिथेच येऊन मिळाल्या. फुली रेघांच्या मधोमध होती.

मी त्यांना म्हटलं, आपण बदाम बंद करू आणि बाईंना सांगू की दोर कुठे बांधायचा ते पुन्हा तपासायला हवं. कारण सांगायची काय गरज आहे? तुमच्या व्हिसाचे एकोणीस दिवस राहिलेत. या लोकांत मान मिळाला आहे, तो घेऊन जा. मी मनापासून बोलले होते. त्यांनी मान हलवली. मला वाटलं, पटलं.

बैठकीला बाईंच्या दिवाणखान्यात दहा-बारा जण होते. केक कापलेला होता, नकाशा भिंतीवर लावला होता. बाईंनी सहीसाठी पेन उचललं, तेवढ्यात अण्णा उभे राहिले.

"सांग त्यांना," ते मला म्हणाले. "ही मोजणी चुकली आहे. खारी इथून रस्ता ओलांडत होत्या, त्या माझ्यामुळे. मी बोलावत होतो."

मी सांगितलं. बाई उठून भिंतीपाशी गेल्या, नवा ठिपका बघितला, रेघांवरून बोट फिरवलं. रामाच्या बोटांची दिशा विचारली होती त्याच गंभीरपणे त्यांनी विचारलं, बदामच का? मी अण्णांकडे पाहिलं. ते म्हणाले, सांग. मग मी सगळं सांगितलं. बावन्न वर्षं, चार बदाम, पेपर, पुढे केलेला हात. आणि माझंही सांगितलं, की बदाम मी भिजत घालत होते आणि कागद मी वाचला नव्हता.

अण्णा उभेच होते, बांधावर हद्द दाखवताना राहत असतील तसे ताठ. मला तिथून त्यांना हाताला धरून घरी न्यावंसं वाटत होतं.

"आल्झो, तर मग," बाई शेवटी म्हणाल्या. "बदाम बंद केले तर खरी मोजणी व्हायला किती दिवस लागतील, ते त्यांना विचारा."

अण्णांनी थोडा विचार केला. "पंधरा."

"म्हणजे त्यांच्याकडे वेळ आहे," बाई म्हणाल्या, आणि पेनाला टोपण लावलं.

मोजणी पुन्हा झाली. दारासमोरच्या रेघा आटल्या. खारी खरोखर रस्ता ओलांडतात त्या पुढे बस थांब्यापाशी, तिथे दोन जुनी झाडं समोरासमोर आहेत. अर्ज त्या जागेचा गेला. दोराची परवानगी यायची आहे, पण पाटी तिथे लागली आहे आणि बसची वाट बघणारे लोक वर बघतात. नकाशावर अण्णांनी दोन्ही ठिपके ठेवले, बाकाचा आणि खिडकीचा.

बैठकीच्या त्या संध्याकाळी बदाम भिजत घालावेत की नाही, मला कळेना. हात सवयीनं डब्याकडे गेला, घातले. पण सकाळी वाटी त्यांच्या खोलीत ठेवायचा धीर झाला नाही. ती ओट्यावर ठेवून मी चहा टाकला. ऑफिसला उशीर होणार होता, तो होऊ दिला.

अण्णा अंघोळ करून स्वयंपाकघरात आले. खुर्ची ओढून बसले. टेबलावर आदल्या दिवशीचा जर्मन पेपर पडला होता, त्यातलं एक अक्षर त्यांना वाचता येत नव्हतं. तो त्यांनी उघडला, दोन्ही हातांनी नीट सारखा केला आणि वाचायला लागले.

मग वर न बघता त्यांनी उजवा हात पुढे केला.

मी वाटीतले चार बदाम सोलले आणि त्यांच्या तळहातावर ठेवले.